पर्ड्यूचं काही सांगता येत नाही

मैदानावरून : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात एम.एस. करायला गेला आहे. इथे असताना त्याला क्रिकेटशिवाय काही सुचत नसे. आता सोनेरी-काळा टी-शर्ट घातलेले फोटो पाठवतो आणि रविवारी सकाळी आमचा चहा चाललेला असताना फोन करून सांगतो, ‘बाबा, आम्ही हरलो.’ मी म्हटलं, अरे मग दुसरा संघ धर. तर म्हणाला, ‘बाबा, ह्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलंय, तुम्हाला माहीत नाही.’ तुम्ही तिकडे काही महिने राहून आला आहात असं तुमच्याच एका लेखात वाचलं होतं. हा काय प्रकार आहे? आणि सगळं हातानंच खेळतात तर त्याला फुटबॉल का म्हणायचं? — एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मी थेट २० ऑक्टोबर २०१८च्या रात्रीत जाऊन बसले. त्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने वेस्ट लाफायेटला होते. पर्ड्यू ह्याच गावात आहे, आणि जावई तिथे संशोधन करत होते. त्यांना ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याची दोन तिकिटं मिळाली. बाळ जेमतेम महिन्याचं. मुलगी म्हणाली, ‘आई, तू जा. एकतीस वर्षं मुलींना पीटी शिकवलीस, आणि इथलं मैदान न बघता परत जाणार?’

आदल्या रात्री जावयांनी जेवणाच्या टेबलावर मला खेळ समजावला. अकरा राजमे एका बाजूला, अकरा छोले दुसऱ्या बाजूला, मध्ये एक बदाम, तो चेंडू. मैदान शंभर यार्डांचं. ज्याच्याकडे बदाम आहे, त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही सरकला तर बदाम समोरच्याकडे. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब उडवून देतात, किंवा खांब जवळ असतील तर त्यांच्या मधून मारून तीन गुण पदरात पाडून घेतात. त्याला फील्ड गोल म्हणतात. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की टचडाउन, सहा गुण, आणि वर लाथेचा एक. चेंडू कोणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक. एवढं कळलं की सामना बघता येतो. बाकीचे नियम मला अजूनही पुरते येत नाहीत आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही.

नावाचं म्हणाल तर सुरुवात पायानेच झाली होती. ६ नोव्हेंबर १८६९ला रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळायची मुभाच नव्हती. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढे रग्बीची रीत शिरली, चेंडू अंड्यासारखा झाला, हातात आला. नाव तेवढं राहिलं.

आता तो सामना. ओहायो स्टेटचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर होता, सातपैकी सात सामने जिंकून आलेला. आणि आमचा पर्ड्यू? त्या मोसमातले पहिले तिन्ही सामने हरलेला. नॉर्थवेस्टर्नकडून ३१-२७, ईस्टर्न मिशिगनकडून २०-१९, मिझुरीकडून ४०-३७. तिन्ही मिळून अवघ्या आठ गुणांनी. त्यातही ईस्टर्न मिशिगनकडून पर्ड्यू हरेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. मिझुरीच्या सामन्यात पर्ड्यूचा क्वार्टरबॅक डेव्हिड ब्लाऊ ह्याने ५७२ यार्ड पास फेकले. एका सामन्यात एवढे यार्ड ही थोर गोष्ट आहे. तरी अगदी शेवटच्या क्षणी समोरच्याने फील्ड गोल मारला आणि सामना गेला. हा आकडा लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

तिथून त्यांनी ओळीने तीन सामने जिंकले होते, पण ओहायो स्टेट म्हणजे डोंगर. शेजारच्या बाकावरचे आजोबा दर सामन्याला येणारे. मी साडीवर दोन स्वेटर आणि जावयांची लोकरी टोपी घालून बसलेली बघून त्यांनी आपल्या मांडीवरचं घोंगडं अर्धं माझ्या गुडघ्यांवर सरकवलं. पंचावन्न-साठ हजारांचं मैदान गच्च भरलेलं. बाक धातूचा, असा गार की दोन स्वेटर असूनही थंडी पाठीत चढत होती. आणि तो बँडचा ढोल! माणसाहून उंच, चाकांच्या गाड्यावर ठेवलेला. त्याचा ठोका कानाआधी छातीत लागतो.

पहिला अर्धा भाग संपत आला होता. पर्ड्यूचा चौथा प्रयत्न, खांब समोर. सगळ्यांना वाटलं, आता तीन गुण घेणार. एक जण गुडघ्यावर बसला, चेंडू धरायला. मारणारा मागे उभा राहिला. चेंडू आला, आणि तो गुडघ्यावर बसलेला मुलगा चेंडू काखेत मारून उठला आणि पळत सुटला! मारायचा नुसता आव आणला होता. हवे होते तेवढे यार्ड त्याने काढले आणि पुढे टचडाउन झाला. मध्यंतराला पर्ड्यू १४, ओहायो स्टेट ३. मी जावयांचा दंड असा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला दाखवला.

उरलेली रात्र रॉन्डेल मूर ह्या पोराची. वय अठरा, कॉलेजचं पहिलंच वर्ष, उंची पाच फूट नऊ इंच. त्या खेळात ही उंची म्हणजे लहानखुरंच. त्याने बारा झेल घेतले, १७० यार्ड कमावले, दोन टचडाउन केले. दुसऱ्या टचडाउनच्या वेळी चेंडू त्याच्याकडे आला तो जवळच, थोड्या अंतरावर. समोर पकडायला माणसं उभी. एकाने कमरेला हात घातला, तो निसटला. दुसरा अंगावर आला, तो गर्रकन वळला. त्रेचाळीस यार्डांचा तो टचडाउन मी उभी राहून पाहिला. कधी उभी राहिले ते आठवत नाही. खो-खोत एखादी मुलगी तीन गड्यांना चकवत चौकाबाहेर येते ना, तसंच अंग वळवणं होतं ते. सामन्याच्या चार भागांतल्या शेवटच्या भागात पर्ड्यूने एकट्याने २८ गुण केले. सामना ४९-२०.

विद्यार्थी मैदानावर उतरले. आजोबा रडत होते आणि मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत. आमच्या ह्यांना फोन लावला. बडोद्यात रविवारची सकाळ, ते कमाटीबागेत फेरी मारत होते. मागे मोर ओरडत होता, आणि इथे लाख पाय मैदानावर नाचत होते.

ओहायो स्टेट त्या वर्षी चौदापैकी तेरा सामने जिंकला. एकच हरला, तो हा. त्या एका हरण्यापायी विजेतेपदासाठी खेळणाऱ्या अंतिम चौघांत त्यांना जागा मिळाली नाही.

आणि पर्ड्यू? पुढच्याच शनिवारी मिशिगन स्टेटकडून २३-१३ हरला. मग मिनेसोटाकडून ४१-१०. शेवटच्या सामन्यात ऑबर्नने ६३-१४ असा धुव्वा उडवला. मोसमाचा हिशेब सहा जिंकले, सात हरले. तुमचा मुलगा ह्याच संघाला धरून बसला आहे. त्याला दुसरा संघ धर म्हणून सांगू नका.

प्रश्न : मावशी, मी एम.एस. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकते. माझी एक मैत्रीण पर्ड्यूला आहे. ती म्हणते की मोठ्यांना हरवणं ही त्यांची परंपराच आहे. मला वाटतं, खूप सामने खेळले की कधीतरी असं होणारच. ह्यात परंपरा कसली, योगायोग नाही का? — एक विद्यार्थिनी, फतेगंज

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. कॉलेजचा संघ मोसमात बाराच साधे सामने खेळतो. बारा सामन्यांत एक-दोन वेडेवाकडे निकाल आले की सगळा मोसम बदलतो. खेळाडू अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे, दर वर्षी काही जातात, काही नवे येतात. ह्या वयात आजची मुलगी उद्या ओळखू येत नाही, हे मी वर्गात रोज पाहिलं आहे.

पण आकडे बघ. १९५० साली नोत्र दाम हा संघ सलग ३९ सामने अपराजित होता. ७ ऑक्टोबरला पर्ड्यूने त्यांच्याच गावात जाऊन त्यांना २८-१४ हरवलं. त्या अख्ख्या मोसमात पर्ड्यूने दोनच सामने जिंकले आणि सात गमावले, आणि त्या दोनातला एक हा! १९५३ला मिशिगन स्टेट सलग २८ सामने जिंकून आला होता. पर्ड्यू तोवर चारपैकी चार हरलेला. निकाल, पर्ड्यू ६, मिशिगन स्टेट ०. १९७६ला मिशिगन पहिल्या क्रमांकावर, आठपैकी आठ जिंकलेला. पर्ड्यूने शेवटच्या काही मिनिटांत फील्ड गोल मारून १६-१४ केलं. मिशिगनचा शेवटचा फील्ड गोल चुकला आणि सामना संपला. मिशिगन ज्याच्याकडून हरला, त्या पर्ड्यूचा तो मोसमसुद्धा पाच विजय, सहा पराभव असाच संपला.

मग २०२१. आयोवा दुसऱ्या क्रमांकावर, सहापैकी सहा जिंकलेला. पर्ड्यू त्यांच्या मैदानावर २४-७ जिंकला. डेव्हिड बेल ह्या एकट्याने अकरा झेलांत २४० यार्ड काढले. तीन आठवड्यांनी मिशिगन स्टेट, आठपैकी आठ जिंकून आलेला. पर्ड्यू ४०-२९. त्या दिवशी क्वार्टरबॅक एडन ओकॉनेलने ५३६ यार्ड पास फेकले. हा मुलगा संघात आला तेव्हा त्याला शिष्यवृत्तीसुद्धा नव्हती, स्वतःहून चाचणी देऊन आला होता. आणि पुढच्याच आठवड्यात ओहायो स्टेटने पर्ड्यूला ५९ गुण मारले.

देशातल्या पहिल्या पंचवीस संघांच्या क्रमवारीत नाव नसताना पहिल्या पाचांतल्या संघाला हरवण्याची पर्ड्यूची सतरावी वेळ म्हणजे तो मिशिगन स्टेटचा सामना. एवढ्या वेळा दुसऱ्या कोणत्याच संघाने केलेलं नाही. तिकडचे लोक त्यांना लाडाने ‘स्पॉइलरमेकर्स’ म्हणतात, दुसऱ्याच्या रंगाचा बेरंग करणारे. मूळ नाव ‘बॉयलरमेकर्स’. १८९१ साली वॉबॅश कॉलेजला त्यांनी ४४-० हरवलं, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने चिडून ‘हे पर्ड्यूचे धिप्पाड बॉयलर बनवणारे’ असं लिहिलं. मुलांनी ते नाव कपाळाला लावून घेतलं. कारखान्यात घाम गाळणाऱ्या माणसाचं नाव अभिमानाने मिरवणारं विद्यापीठ मला म्हणूनही आवडलं. नील आर्मस्ट्राँग तिथलाच. चंद्रावर पहिलं पाऊल त्याचं, आणि चंद्रावरून सगळ्यात शेवटी निघालेला युजीन सर्नन, तोही पर्ड्यूचाच.

एक गंमत बघ, वर सांगितलेला १८६९चा पहिला सामना ६ नोव्हेंबरचा. मिशिगनला हरवलं ते १९७६ला ६ नोव्हेंबरलाच, आणि मिशिगन स्टेटला हरवलं तेही २०२१च्या ६ नोव्हेंबरला. हा मात्र शुद्ध योगायोग. तुझ्या बाजूने मोजायला हरकत नाही.

सतरा वेळा मात्र मी योगायोग म्हणणार नाही. आपल्या बडोद्यात आखाडे होते आणि आहेत, तू दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर पाहिलं असशील. कुस्तीत हलका पैलवान जड पैलवानाशी जोर लावत बसला तर मेला. त्याला डाव टाकावा लागतो. धोबीपछाड बसला तर समोरचा चीत, फसला तर आपण खाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये जोर म्हणजे समोरच्या रांगेला ढकलत चेंडू घेऊन घुसणं. त्यासाठी दीडशे-दीडशे किलोची पोरं लागतात, आणि ती ओहायो स्टेट, मिशिगन, नोत्र दाम हे मोठे संघ आधीच वेचून घेतात. पर्ड्यूकडे डाव आहे तो फेकण्याचा. तुम्हाला ढकलता येत नाही ना, मग तुमच्या डोक्यावरून फेकू. म्हणून तिथे एकाहून एक क्वार्टरबॅक तयार झाले. लेन डॉसन, बॉब ग्रीसी, ड्रू ब्रीस. फेकलेला चेंडू झेलला गेला तर चाळीस-पन्नास यार्ड एका दमात. पण समोरच्याच्या हातात गेला तर सगळं उलटं. तुमच्या विषयात ह्याला काय म्हणतात ते तू मला शिकव. माझ्या भाषेत, जो डाव डोंगर पाडतो तोच डाव ढेकळावर ठेच लावतो.

म्हणून ते ५७२ आणि ३७८ हे दोन आकडे मी शेजारी ठेवते. ५७२ यार्ड फेकून ब्लाऊ मिझुरीशी हरला. ओहायो स्टेटविरुद्ध त्याने ३७८ फेकले आणि एकोणतीस गुणांनी जिंकला. माणूस तोच, हात तोच, धाडसही तेच. फक्त त्या रात्री त्याच्या मागे पळणारे, अडवणारे, समोरच्याचा चेंडू हिसकावणारे सगळे जागे होते.

प्रश्न : इथून हे सामने किती वाजता बघायचे? नातीच्या कॉलेजचे म्हणून बघायचे आहेत. — एक आजोबा, अलकापुरी

उत्तर : नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथला दुपारी बाराचा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला, साडेतीनचा रात्री एकला, संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरात ते घड्याळ मागे घेतात, मग प्रत्येक वेळेत एक तास मिळवा. पहाटेचा असेल तर आधी डोळे धुऊन घ्या आणि आवाज बंद ठेवून बघा. घरातले झोपलेले असतात. सामना साडेतीन तास चालतो, मध्ये चहा दोनदा होतो.

प्रश्न : ताई, माझ्या भाच्याने टायलर ट्रेंट नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. माझी मुलगी सध्या किमोथेरपी घेत आहे, म्हणून विचारते, ती गोष्ट खरी आहे का? — एक आई

उत्तर : बाई गं, खरी आहे. त्या रात्री मी त्या गावात होते, म्हणून सांगते.

टायलर पर्ड्यूचा विद्यार्थी. त्याला हाडांचा कॅन्सर होता. २०१७ साली मिशिगनविरुद्धच्या सामन्यासाठी विद्यार्थी रात्रभर मैदानाबाहेर तंबू टाकून बसले होते. हा मुलगा त्याच दिवशी किमो घेऊन आला आणि त्यांच्यात बसला. २०१८च्या ऑक्टोबरात तो फार आजारी होता. ओहायो स्टेटच्या सामन्याआधी टीव्हीवर त्याची मुलाखत दाखवली, त्यात त्याने सांगितलं की पर्ड्यू जिंकणार. मोठमोठे जाणकार ओहायो स्टेटच्या बाजूने असताना. त्याला मैदानावर यायचं बळ नव्हतं, त्याने तो सामना घरून पाहिला.

मी हे सगळं दुसऱ्या दिवशी ऐकलं. मुलगी बाळाला पाजत होती, जावई फोनवर वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता थांबले. मी बाळाच्या तळव्याला हात लावून बसले होते. आपण ज्या जिंकण्यावर नाचून आलो, ते जिंकणं कोणीतरी पलंगावर पडून आधीच पाहून ठेवलं होतं, हे मला फार लागलं.

डिसेंबरच्या शेवटी संघाचा शेवटचा सामना नॅशव्हिलला होता. तिथे तो चाकांच्या खुर्चीवरून गेला. संघ त्या दिवशी वाईट हरला, पण तो तिथे होता. १ जानेवारी २०१९ला तो गेला. वय वीस. मैदानाच्या ज्या दाराने विद्यार्थी आत जातात, त्याला आता त्याचं नाव दिलं आहे.

तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा. शेवट सोडून सांगितली तरी ती अपुरी होत नाही. किमोच्या दिवशी तंबूत जाऊन बसलेला मुलगा, एवढीसुद्धा गोष्ट पुष्कळ आहे. आणि तुमचं पत्र माझ्या देवघरात ठेवलं आहे. मुलीचं कसं आहे ते दोन ओळी लिहून कळवत राहा.

प्रश्न : ताई, मी एका शाळेत खो-खो शिकवतो. आमच्या मुली जिल्ह्यात अव्वल संघाला हरवतात आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा नवख्या संघाकडून हरतात. मुख्याध्यापक म्हणतात, ह्यांचा भरवसा नाही. सुरक्षित खेळायला शिकवा, म्हणजे निकाल एकसारखे येतील. तुमचं मत काय? — एक क्रीडाशिक्षक, वाघोडिया रोड

उत्तर : सर, हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

एका वर्षी माझ्याकडे नऊ मुली अशा होत्या की खांबाजवळ सूर मारताना जमिनीची पर्वा करत नसत. आदल्या दिवशी त्यांनी गेली कित्येक वर्षं न हरलेल्या संघाला दोन गड्यांनी हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका खेड्यातल्या शाळेकडून हरल्या. त्या शाळेच्या मुलींकडे बूटही नव्हते. आमची एक मुलगी नको तिथे सूर मारून तोंडावर आपटली, दुसरीने घाईत चुकीचा खो दिला. मी बसमध्ये त्यांना खूप बोलले. ‘कालची हुशारी कुठे गेली? एवढं अंगावर घ्यायची गरज काय होती?’ सूर मारून पडलेल्या मुलीच्या हनुवटीला चिकटपट्टी लावलेली होती. ती खिडकीकडे तोंड करून बसली ती बडोदं येईपर्यंत वळली नाही.

पुढचं वर्षभर मी त्यांना जपून खेळायला शिकवलं. सूर कमी, नेमका खो, गडी दमवून मारायचा. शिस्त आली. निकाल खरोखर एकसारखे आले, आम्ही दर सामना तीन-चार गड्यांनी हरलो. अव्वल संघाला तर आमच्याकडून काही धोका आहे असं वाटेनासंच झालं. ती हनुवटीवाली मुलगी दहावीनंतर खेळायची थांबली. मी तिला थांबवलं असं ती कधी म्हणाली नाही. मला मात्र तसं वाटतं.

हे सगळं मला पर्ड्यूच्या रॉस-एड मैदानावरच्या त्या गार बाकावर आठवलं. चौथ्या प्रयत्नाला चेंडू काखेत मारून तो मुलगा पळाला, तेव्हा. पकडला गेला असता तर हक्काचे तीन गुण गेले असते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी प्रशिक्षकाला वेड्यात काढलं असतं. जेफ ब्रोम हे त्या प्रशिक्षकाचं नाव. ह्याच प्रशिक्षकाचा संघ त्याच्या सहा आठवडे आधी ईस्टर्न मिशिगनशी एका गुणाने हरला होता, तेव्हाही त्याला सांगणारे असतीलच, जपून खेळ. त्याने ऐकलं नाही. त्याच्या कारकिर्दीत पर्ड्यूने ३६ सामने जिंकले आणि ३४ हरले. ३४ हरणं सोपं नाही, सर. तो पुढे दुसरीकडे गेला. २०२४ला पर्ड्यू बारापैकी एकच सामना जिंकला, तेव्हाही मैदानावर माणसं होती. माझे घोंगडंवाले आजोबा असले तर तेही असणार.

तेव्हा माझं मत असं. सूर मारणं बंद करू नका. सूर चुकल्यावर उठायचं कसं आणि पुढचा खो कुठे द्यायचा, ते शिकवा. नवख्या संघापुढे हरतात त्याचं कारण बहुतेक वेळा धाडस नसतं, आदल्या रात्री न झालेली झोप असते. मोठ्या विजयाच्या संध्याकाळी मुलींना लवकर जेवू घाला, फोन काढून घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखाच वॉर्म-अप पूर्ण करून घ्या. खांबाचा सराव रोज, म्हणजे सूर कुठे मारायचा आणि कुठे नाही हे पायांना कळतं. हनुवटीखाली जमिनीचा जो पट्टा येतो, तिथली खडी स्वतः वेचून काढा. ते काम मुलींवर सोडू नका.

मुख्याध्यापकांना पुढच्या सामन्याला घेऊन या. नुसता निकाल वाचतात ते, एकदा खांबाशेजारी बसवा. तारीख कळवा. मी रावपुऱ्यातून रिक्षा करून येईन आणि त्यांच्या शेजारी बसेन.